गोटी सोडा पारखताना
शिराळ्याकडच्या जत्रांत दिसणारी गोटी सोड्याची बाटली मूळची इंग्लंडची. हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. ती उलटी धरून भरतात. आतल्या वायूच्या दाबानं गोटी तोंडाच्या रबरी कड्यावर घट्ट बसते, वेगळं बूच लागतच नाही. मानेतल्या खाचा ओतताना गोटी अडवतात.

चव पारखायची तर आधी साधा सोडा प्यावा. जिभेला बसणारा झणका नुसत्या बुडबुड्यांचा नसतो. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं सौम्य आम्ल बनतं, खरी चुरचुर त्याची. गार पाण्यात हा वायू जास्त टिकतो, म्हणून कोमट सोडा लगेच मवाळ पडतो.

लिंबूसोड्यात सालीचा वास यायलाच हवा. नुसताच आंबटपणा लागला, तर लिंबाऐवजी लिंबूसत्त्व पडलं असावं. काळं मीठ टाकताच ग्लास उतू जातो, कारण मिठाच्या खडबडीत कणांवर बुडबुडे भराभर जमतात. दिसायला झकास, पण तेवढा झणका वाया! त्या मिठाचा उग्र वास गंधकाच्या संयुगांचा. जिरा सोड्यात तो शोभतो; लिंबूसोड्यात मात्र चिमटीपेक्षा जास्त नको.