बाळाचे चपटे डोके

अर्भकाच्या कवटीची हाडे मऊ असून ती एकमेकांस पक्की जुळलेली नसतात. मेंदूच्या वाढीस वाव मिळावा, ही निसर्गाचीच योजना होय. मात्र डोक्याच्या एकाच भागावर सतत भार पडल्यास तो चपटा होतो.

१९९२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने बालकांस पालथे न निजविण्याचा सल्ला दिला. पुढील दशकात तेथे झोपेतील आकस्मिक बालमृत्यू सुमारे निम्म्याने घटले. चपटी डोकी मात्र वाढली. मग बाळास पुन्हा पालथे निजवावे काय? मुळीच नाही. निजविताना उताणेच ठेवावे. जागेपणी आपल्या देखत पालथे खेळवावे, कडेवर घ्यावे आणि निजविण्याची दिशा आलटूनपालटून बदलावी.

मापाचे शिरस्त्राण घालण्याचाही उपाय आहे. तथापि नेदरलँड्समध्ये ८४ बालकांवर केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेली बालके दोन वर्षांची झाली तेव्हा, शिरस्त्राण वापरलेल्या व न वापरलेल्या बालकांत लक्षणीय फरक आढळला नाही.

कवटीचे सांधे अकाली जुळल्यानेही डोके वेडेवाकडे होते. त्यास शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. डोक्याचा आकार पुढे सुधारू शकतो. गेलेला प्राण परत येत नाही.