भाषेला कानच हवेत असे नाही

जुन्या शाळांच्या पाट्यांवर अजूनही ‘मूकबधिर विद्यालय’ असे लिहिलेले दिसते. या जोडशब्दात एक समजूत मुरलेली आहे: जो बहिरा, तो मुका असणारच. शरीरशास्त्राला हे मान्य नाही. बहुतेक कर्णबधिर मुलांचे स्वरयंत्र, जीभ, टाळू, ओठ धडधाकट असतात. बिघाड बहुधा आतल्या कानात, आवाजाच्या लहरी टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशींमध्ये असतो. मूल बोलत नाही, कारण बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते. म्हणजे कमी ऐकू येणे ही एक अडचण झाली आणि भाषेविना वाढणे ही दुसरी. पहिली पुष्कळदा जन्मानेच येते आणि टाळता येत नाही. दुसरी मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी टाळता येण्यासारखी असते, आणि आयुष्यावर जास्त खोल घाव तीच घालते. तरीही आपल्याकडे वाद रंगतो तो ‘मुलाला बोलायला शिकवायचे की खुणा शिकवायच्या’ यावर. गेल्या साठ वर्षांतले संशोधन पाहिले, तर पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा: या मुलाला अडथळ्याशिवाय कळेल अशी भाषा नेमकी कितव्या महिन्यापासून मिळणार?

बोलणे पोहोचत नाही म्हणजे काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. घरात शंका आली की आजी पाठीमागून थाळी वाजवते. मूल वळते आणि सगळे निर्धास्त होतात. ‘मामाही उशिराच बोलला होता’ हे वाक्य तयारच असते. पण मूल वळते ते कधी हालचालीची सावली पाहून, कधी जमिनीचा कंप जाणवून, तर कधी मोठा, खालच्या पट्टीतला आवाज खरोखरच ऐकू येऊन. श्रवणदोष बरेचदा वरच्या पट्टीत जास्त असतो, आणि ‘स’, ‘श’, ‘ख’, ‘थ’ यांसारखी हलकी व्यंजने तिथेच राहतात. अशा मुलाला थाळी ऐकू येते, शब्द नाही. मग ओठ वाचायचे म्हटले, तर ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ ओठांवर सारखेच दिसतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशाजवळ घडतात, त्यांची ओठांवर सावलीही पडत नाही. मराठीत कोणी, कोणाला, कशाने हे सारे शब्दाच्या शेपटाशी असते. ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’ यांत फरक आहे तो एका अनुस्वाराचा. ओठ पाहणाऱ्याला तो दिसत नाही आणि श्रवणयंत्रातून ऐकणाऱ्याच्या हातून तो निसटतो. ज्याला मराठी आधीपासून येते, तो असे तुकडे अंदाजाने जोडून घेतो. ज्याला तीच भाषा पहिल्यांदा शिकायची आहे, त्याच्याकडे अंदाज बांधायला आधार कुठला?

शिवाय मुले भाषा फक्त त्यांच्याशी बोललेल्या वाक्यांतून शिकत नाहीत. स्वयंपाकघरातली कुरबुर, फोनवरचे अर्धे संभाषण, पाहुण्यांची चेष्टा, आईबाबांची पैशाची काळजी असे बरेच काही त्यांच्या कानावर सहज पडते. कर्णबधिर मूल त्याच पंगतीत बसलेले असते, पण का हसलात असे त्याने विचारले की उत्तर येते, ‘काही नाही, नंतर सांगते.’ या हुकलेल्या बोलण्याची किंमत शब्दसंग्रहापुरती राहत नाही. मानसशास्त्रात एक साधी चाचणी आहे. मुलाला चॉकलेटचा डबा दाखवायचा, उघडल्यावर आत पेन्सिली निघतात. मग विचारायचे, ‘बाहेर उभ्या असलेल्या तुझ्या मित्राला या डब्यात काय असेल असे वाटेल?’ ऐकणारी मुले साधारण चार-पाच वर्षांची झाली की ‘चॉकलेट’ असे बरोबर सांगतात; दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते हे त्यांना उमगलेले असते. खुणांनी बोलणाऱ्या कर्णबधिर आईबापांची कर्णबधिर मुलेही साधारण त्याच वयात हे सांगतात. ऐकणाऱ्या घरात जन्मलेली कर्णबधिर मुले मात्र बरीच मागे राहतात. ऐकू न येणे दोन्ही गटांत समान आहे. फरक आहे तो घरात पहिल्यापासून कळणारी भाषा होती की नव्हती, याचा.

इथे हमखास एक शंका येते: हातवारे म्हणजे भाषा कशी? ही शंका जुनी आहे आणि तिचे उत्तरही आता जुने झाले आहे. अमेरिकेतल्या गॅलॉडेट महाविद्यालयात शिकवणाऱ्या विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवून दिले, की अमेरिकी सांकेतिक भाषेतली प्रत्येक खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा ठरावीक घटकांतून बनते, जसा आपला शब्द स्वर-व्यंजनांतून बनतो. आपल्या देशातल्या भारतीय सांकेतिक भाषेलाही स्वतःचे व्याकरण आहे. ‘काय’, ‘कोण’ विचारणारी खूण तिच्यात वाक्याच्या शेवटी येते आणि भुवया, मान, चेहरा हे सारे वाक्यरचनेत भाग घेतात. तिच्यात विनोद होतो, भांडण होते, गणितही शिकवता येते. मेंदूलाही ती भाषाच वाटते. लॉरा अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये दाखवले, की खुणांच्या घरातली कर्णबधिर बाळे दहाव्या महिन्याच्या सुमारास हातांनी बडबडतात. ऐकणारी बाळे ‘बाबाबा’ करतात तसे निरर्थक पण लयदार हातवारे करतात. आणि खुणांनी बोलणाऱ्या व्यक्तीच्या मेंदूच्या डाव्या भागाला पक्षाघाताने इजा झाली, की तिचे हात हलत असूनही खुणांची वाक्ये मोडतात. मेंदूचा हा भाग भाषेची वाट पाहत असतो. ती कानाने आली की डोळ्याने, याचे त्याला फारसे सोयरसुतक नसते.

वेळेच्या बाबतीत मात्र मेंदू कडक आहे. रेचल मेबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कर्णबधिर प्रौढांची तुलना केली. बालपणी ऐकू येत असताना बोली भाषा शिकलेले आणि नंतर बहिरे झालेले लोक मोठेपणी सांकेतिक भाषा चांगली शिकले. जन्मापासून खुणा मिळालेले लोक पुढे इंग्रजीही चांगली शिकले. पण ज्यांना बालपणी कोणतीच भाषा नीट मिळाली नव्हती, ते नंतर शिकलेल्या भाषेत वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही अडखळत राहिले. पहिली भाषा कोणती, यापेक्षा ती वेळेवर मिळाली का, याने निकाल ठरला.

याचा सर्वांत विलक्षण पुरावा मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाने दिला. राजधानी मानाग्वा येथे १९७७ मध्ये विशेष मुलांचे केंद्र सुरू झाले आणि १९७९ च्या क्रांतीनंतर शेकडो कर्णबधिर मुले प्रथमच एकत्र आली. वर्गात शिक्षक ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होते. त्यातून फारसे काही हाती लागले नाही. पण मैदानात आणि बसमध्ये मुलांनी आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळल्या आणि काही वर्षांत एक नवीच भाषा उभी राहिली. १९८६ पासून भाषाशास्त्रज्ञ जुडी केगल यांनी तिचा अभ्यास सुरू केला. पुढे अ‍ॅन सेंगास आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक नेमकी गोष्ट टिपली. ‘उतारावरून गडगडत खाली गेला’ हे सांगताना पहिल्या पिढीतले लोक गडगडणे आणि खाली जाणे एकाच हालचालीत, अभिनय करावा तसे दाखवत. नंतर आलेली लहान मुले त्याच्या दोन खुणा करत आणि त्या एकापुढे एक ठेवत. प्रसंगाचे तुकडे करून ते नियमाने जोडणे हेच व्याकरणाचे बीज, आणि ते पेरले कोवळ्या मुलांनी. याच पहिल्या पिढीतल्या काही प्रौढांना डब्याच्या चाचणीसारख्या चाचण्या जमत नव्हत्या. काही वर्षांनी धाकट्यांच्या संगतीत ‘वाटणे’, ‘माहीत असणे’ अशा अर्थाच्या खुणा त्यांच्या बोलण्यात आल्या, आणि त्या चाचण्या त्यांना अधिक चांगल्या सोडवता आल्या. विचारालाही शब्दांची काठी लागते, हे याहून स्पष्ट दिसणे कठीण.

मग सांकेतिक भाषा इतकी वर्षे बाजूला का पडली? सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिर शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जवळजवळ सर्व प्रतिनिधी ऐकणारे होते. त्यांनी ठराव केला, की शिक्षण मौखिक पद्धतीनेच व्हावे. अनेक देशांत खुणांवर बंदी आली आणि कर्णबधिर शिक्षकांना वर्गाबाहेर जावे लागले. मुंबईतली कर्णबधिरांची पहिली शाळा त्याच दशकातली. पुढे शतकभर आपल्याकडच्याही बहुतेक शाळांनी बोलणे हेच उद्दिष्ट मानले. खुणा वसतिगृहांत आणि मधल्या सुट्टीत जगल्या. मिलानचा तो ठराव त्याच परिषदेने अधिकृतपणे नाकारला तो २०१० मध्ये, कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये.

मुलाला सुरुवातीपासून सांकेतिक भाषा द्यावी, यावरचा पहिला गंभीर आक्षेप तंत्रज्ञानाचा आहे: आता कॉक्लिअर इम्प्लांट असताना खुणांची गरज काय? इम्प्लांट ही मोठीच देणगी आहे. बाहेरचा प्रोसेसर आवाजाचे विद्युत संकेत बनवतो आणि आतल्या कानात बसवलेले जास्तीत जास्त वीस-बावीस इलेक्ट्रोड श्रवणतंतूंना थेट चेतवतात. अनु शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की साडेतीन वर्षांच्या आत ते बसले तर मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद काही महिन्यांत वयानुरूप होतो. सात वर्षांनंतर तसे क्वचितच घडते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी मदतही मिळते. पण निरोगी कानात आवाज टिपून मेंदूकडे पाठवणाऱ्या केशपेशी साडेतीन हजारांच्या आसपास असतात. त्यांचे काम बावीस इलेक्ट्रोड हुबेहूब करू शकत नाहीत. निकाल मुलागणिक वेगळे लागतात. आणि निदान, तपासण्या, मंजुरी, शस्त्रक्रिया, मशीन सुरू होणे आणि नंतरची वाचा-उपचाराची वर्षे या सगळ्या काळात मुलाचा मेंदू थांबून राहत नाही. इम्प्लांट चांगले असले तरी ते पोहोचेपर्यंतचे दिवस कशाने भरायचे, हा प्रश्न उरतोच.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: खुणांची सवय लागली की मूल बोलण्याचे कष्ट घेणार नाही. याला एका अभ्यासाचा आधारही आहे. अमेरिकेत अ‍ॅन गीअर्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये इम्प्लांट झालेल्या ९७ मुलांची माहिती मांडली. ज्यांच्या घरी खुणा वापरल्या गेल्या नव्हत्या, त्यांचे बोलणे आणि वाचन सरस निघाले. हा पुरावा झटकून टाकण्यासारखा नाही, पण त्याचा अर्थ तपासायला हवा. तिथे ‘खुणा’ या एका शिक्क्याखाली बोलताबोलता केलेले दोन-चार हातवारेही मोडत होते. नुकतेच शिकू लागलेल्या पालकांच्या तुटपुंज्या खुणा आणि पूर्ण सांकेतिक भाषा यांत महदंतर आहे. शिवाय ज्याचे बोलणे मुळातच अडते, त्याच्याच घरी खुणा जास्त काळ टिकतात; मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? दुसऱ्या बाजूला, कॅथरिन डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये कर्णबधिर आईबापांच्या इम्प्लांट झालेल्या मुलांची तुलना तशाच घरांतल्या ऐकणाऱ्या मुलांशी केली. इम्प्लांटची मुले मोजकीच होती, पण त्यांची इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीची निघाली. खऱ्या, समृद्ध सांकेतिक भाषेने त्यांचे बोलणे अडवले नव्हते.

उरतो पालकांचा प्रश्न, आणि तो सर्वांत खरा आहे. बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. ज्यांना स्वतःलाच येत नाही ते काय शिकवणार? नाओमी कॅसेली आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा अभ्यास दिलासा देतो: सहा महिन्यांच्या आत सांकेतिक भाषेच्या सहवासात आलेल्या, ऐकणाऱ्या घरांतल्या कर्णबधिर मुलांचा शब्दसंग्रह वयाला शोभेल असा वाढला. आईबाप पंडित असावे लागत नाहीत. ते मुलाच्या दोन पावले पुढे राहिले आणि कर्णबधिर मोठी माणसे मुलाच्या आसपास असली, की पुष्कळ होते. ‘मग मूल मराठी कधी वाचणार?’ या भीतीचे उत्तर महाराष्ट्राला परके नाही. नंदुरबारमधले भिली किंवा पावरी बोलणारे मूल शाळेत मराठी शिकते ते घरच्या भाषेच्या बळावर. कर्णबधिर मुलालाही छापील मराठी दुसरी भाषा म्हणून शिकता येते, पण त्यासाठी पहिली भाषा हवी.

सामग्री आता हाताशी आहे. नवजात बाळ झोपलेले असतानाच कानात छोटा प्रोब ठेवून, आतल्या कानातून परतणारा क्षीण प्रतिध्वनी मोजून प्राथमिक तपासणी होते. शंका आली तर मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजणारी बेरा चाचणी. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मदत हे सूत्र जगभर मानले जाते. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून काम करते आहे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे केंद्र झाले, त्याच्या शब्दकोशात दहा हजार शब्द आहेत, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात या भाषेला देशभर प्रमाणरूप देण्याचे कलम आहे. तरीही बेराचा रिपोर्ट हातात घेऊन बाहेर पडणाऱ्या आईबापांच्या कागदावर बहुधा तीनच ओळी असतात: श्रवणयंत्र, वाचा-उपचार, इम्प्लांटचा सल्ला. तिन्ही हव्यातच. त्यांच्या वर, सर्वांत आधी, जवळच्या सांकेतिक भाषेच्या वर्गाचा पत्ता लिहायला एक मिनिट लागते. बाकीच्या तीन ओळी फळाला येईपर्यंत त्या मुलाला ‘हे काय?’ असे विचारता यायला हवे.