रानालगतच्या शेतकऱ्यानें भारी दुर्बीण घ्यावी काय?

दुर्बीण हा शब्द कानीं पडतांच आपल्या भागांतील पुष्कळांस शिकार आठवते. जुन्या चांदा जिल्ह्यांत मालगुजारांच्या काळीं बंदुकीबरोबर दुर्बीणही शिकाऱ्याच्या सामानांत असे. तो काळ गेला. मालगुजारी १९५१ सालीं संपली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्यांत पुढें झालेल्या दुरुस्त्यांनीं शिकारीस बंदी झाली. रानडुकरांनीं किंवा रोह्यांनीं पिकाचा नाश मांडला तरी वनखात्याच्या लेखी परवानगीवांचून त्यांजवर हत्यार चालवितां येत नाहीं. तेव्हां शिकारीसाठीं दुर्बीण घेण्याचा प्रश्न उरत नाहीं. विचार करण्याजोगा प्रश्न असा कीं, पीक व जीव राखण्याच्या कामीं शेतकऱ्यास तिचा उपयोग आहे काय, आणि असल्यास तिच्यावर किती पैसा घालावा?

प्रथम उपयोग पाहूं. दुर्बिणीची खरी वेळ पहाटेची व तिन्हीसांजेची. ताडोबा-अंधारी राखीव क्षेत्राबाहेरही ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत व पलीकडे आरमोरी-देसाईगंजच्या बाजूस वाघाचा वावर असतो. बांधींत पाय घालण्यापूर्वीं उंच धुऱ्यावरून किंवा माळ्यावरून नाल्याचा कांठ, झुडपें व पाणवठा पाहून घेतां आला, तर धोका पुष्कळ कमी होतो. २०२१ सालीं छत्तीसगडांतून गडचिरोली जिल्ह्यांत रानटी हत्तींचा कळप आला. तेव्हांपासून दुरूनच पाहून मागें फिरण्याचें महत्त्व अधिकच वाढलें आहे.

दुसरा उपयोग नुकसानभरपाईच्या कामीं होतो. प्रस्तुत लेखकाच्या महसुली नोकरींत पंचनाम्याचे कागद पुष्कळ पाहण्यांत आले. ‘जनावरांनीं पीक खाल्लें’ एवढेंच मोघम लिहिलेला अर्ज रेंगाळतो. डुकरें होतीं कीं रोही, किती होतीं, कोणत्या बाजूनें आलीं व कोठें गेलीं, हें सांगणाऱ्याचा जबाब टिकतो.

आतां मर्यादा. दुर्बीण पिकाच्या आरपार पाहत नाहीं. उभ्या धानांत दडलेलें जनावर तिच्यांतूनही दिसावयाचें नाहीं. ‘पाहिलें, कांहीं दिसलें नाहीं’ म्हणून एकट्यानें बेधडक आंत शिरणें हा जिवाशीं खेळ होय. तसेंच मध्यरात्रीच्या काळोखांत साधी दुर्बीण आंधळीच असते, आणि डुकरें तर बहुधा रात्रींच येतात. म्हणून जागल, उजेड व कुंपण यांची जागा ती घेऊं शकत नाहीं. कुंपणास थेट विजेचा प्रवाह सोडणें मात्र सर्वथा वर्ज्य समजावें. त्यानें माणसें, बैल व वाघही मेले आहेत, आणि तो गुन्हा आहे.

दुर्बिणीवर ‘८×४२’ असे दोन आंकडे असतात. पहिला आंकडा किती पट जवळ दिसतें तो. म्हणजे ४०० मीटरांवरील रोही ५० मीटरांवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आंकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्यानें भागिलें असतां डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते: ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापांच. खिशांत मावणाऱ्या ८×२५ दुर्बिणींत ती तीनच भरते. भर दुपारीं हा फरक जाणवत नाहीं; पण तिन्हीसांजेस बुबुळ मोठें होतें, तेव्हां लहान दुर्बिणींत काळोखी येते. ४२ चें भिंग २५ च्या भिंगापेक्षां सुमारें पावणेतीनपट प्रकाश घेतें. पट वाढवीत जाणेंही हिताचें नाहीं, कारण हाताचा कंप तितकाच पट वाढतो. दहापटीच्या पुढील दुर्बीण तिकाटण्यावांचून स्थिर राहत नाहीं. बाजारांत हलक्या दुर्बिणींवर ‘९०×९०’ असे फुगविलेले आंकडे छापतात. त्यांस भुलूं नये.

किंमतीचे स्थूल मानानें तीन वर्ग पडतात. एक-दोन हजारांच्या दुर्बिणींत बहुधा भिंगें हलकीं व जोड सैल असतात. दहा ते वीस हजारांत चांगलीं लेप दिलेलीं भिंगें व पाणी न शिरणारी, आंत नायट्रोजन भरलेली दुर्बीण मिळते. युरोपांतील नामांकित कारखान्यांच्या दुर्बिणी लाखाच्या वर जातात. त्यांचें चित्र अधिक स्वच्छ असतें यांत शंका नाहीं. परंतु रोही आहे कीं गाय, एवढें ओळखण्यास तितकी स्वच्छता लागत नाहीं. लाख रुपयांत शेताचें कुंपण बरेंच पुढें सरकतें.

घेतांना ती दुकानाबाहेर आणून पाहावी, शक्य तर सायंकाळीं. पांच-दहा मिनिटें पाहून डोकें जड झालें किंवा एका वस्तूच्या दोन दिसूं लागल्या, तर दोन्ही नळ्या एका रेषेंत नाहींत असें समजून ती परत करावी. आकाशासमोरील खांबाच्या कडेस जांभळी-हिरवी झालर फार दिसूं नये. चष्मा लावणाऱ्यांनीं चष्म्यासकट पाहून सबंध वर्तुळ दिसतें कीं नाहीं याची खात्री करावी. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधींही रोखूं नये. डोळा कायमचा जातो.

आपल्याकडील पावसाळ्यांत भिंगांवर बुरशी धरते. म्हणून दुर्बीण चामड्याच्या बंद पिशवींत न ठेवतां घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुडीसह ठेवावी. धूळ प्रथम फुंकून मग मऊ फडक्यानें पुसावी. धोतराच्या सोग्यानें पुसल्यास भिंगास ओरखडे पडतात.

सारांश, ज्याचें शेत गांवाजवळ व मोकळ्यावर आहे त्यानें हा खर्च करूं नये. ज्याची शीव रानास लागून आहे त्यानें ८×४२ ची मध्यम किंमतीची दुर्बीण घ्यावी. तीही एकट्यानें न घेतां एकाच शिवाराच्या चार-पांच शेतकऱ्यांनीं वर्गणी करून घ्यावी. १५,००० रुपयांची दुर्बीण पांच जणांत प्रत्येकीं ३,००० रुपयांस पडते. पहाटे शेतांत प्रथम जाणाऱ्याकडे ती असावी आणि काय दिसलें तें त्यानें इतरांस कळवावें. खरेदी धान निसवण्यापूर्वींच उरकावी, म्हणजे राखणीच्या दिवसांत ती हातीं राहील.