अखेरच्या प्रवासाची शिदोरी

घरातील वृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळली, की "फादरांना बोलवायचे का?" असा प्रश्न कोणीतरी हळूच विचारते आणि बहुधा दुसरे कोणीतरी तो थोपविते. "इतक्यात नको, आजी घाबरेल." आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेऊन देण्याच्या सेवेत आम्ही हे वाक्य अनेक उंबरठ्यांवर ऐकले आहे. एका घरातून बोलावणे आले, तेव्हा आजींची शुद्ध हरपली होती. फादरांनी तैलाभ्यंग केला, प्रार्थना झाली. परंतु पापनिवेदन करणे व ख्रिस्तशरीर स्वीकारणे त्यांना शक्य झाले नाही. आजी महिनाभर फादरांची वाट पाहत होत्या, हे शेजारणीने आम्हांला मागाहून सांगितले.

या भीतीचे मूळ जुने आहे. पूर्वी हा संस्कार 'अंतिम अभ्यंग' म्हणून ओळखला जाई. त्यामुळे तेलाची कुपी घेऊन फादर आले म्हणजे सारे संपले, अशी समजूत रुजली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्यास 'आजाऱ्यांचा तैलाभ्यंग' म्हणणे अधिक योग्य ठरविले आणि १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी त्याचा नवा विधी संमत केला. आजारपणामुळे अथवा वार्धक्यामुळे जीवितास धोका निर्माण होऊ लागला, की तीच या संस्काराची योग्य वेळ होय. प्रकृती अधिक ढासळल्यास तो पुन्हाही घेता येतो.

मरणोन्मुख ख्रिस्ती व्यक्तीसाठी ख्रिस्तसभेने राखून ठेवलेला संस्कार वेगळाच आहे. तो म्हणजे शेवटचे ख्रिस्तशरीर. त्याचे लॅटिन नाव 'व्हियाटिकम', म्हणजे वाटेवरची शिदोरी. शिदोरी कोणाला देतात? ज्याला कोठेतरी पोहोचायचे आहे, त्याला. तारणाची ख्रिस्ती आशा या एका शब्दात सामावली आहे, असे आम्हांला वाटते.

"तुम्ही लवकरच बऱ्या व्हाल," असे नव्वदीच्या आजींना सांगणे म्हणजे आशा नव्हे. आजींना ते खोटे आहे हे आपल्याआधी कळलेले असते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ सालच्या 'स्पे साल्वी' या विश्वपत्रात एक अवघड प्रश्न विचारला आहे: आपल्याला खरोखरच सदैव जगायचे आहे काय? हेच जीवन अंतहीन लांबत गेले तर ते ओझेच होईल. शाश्वत जीवन म्हणजे दिवसांची वाढती संख्या नव्हे, तर परमेश्वराच्या प्रीतीत बुडून जाणे. "आता पुरे झाले, देवा," असे म्हणणाऱ्या वृद्धांना हा विचार पंडितांपेक्षा लवकर उमगतो. क्रूसावरील चोराने तरी आणखी आयुष्य कोठे मागितले? आपली आठवण ठेवावी, एवढेच त्याने येशूला विनविले.

वेदनाशामक औषधे नाकारणे म्हणजे श्रद्धा, हाही गैरसमज होय. वेदना शमविणाऱ्या उपचारांना ख्रिस्तसभेचा विरोध नाही. त्यांस ती प्रीतिसेवाच मानते.

कुटुंबीयांनी करावयाचे ते थोडेच आहे. उशाजवळ लहान मेज, त्यावर स्वच्छ पांढरे वस्त्र, क्रूस आणि मेणबत्ती असावी. जपमाळ सावकाश म्हणावी. आजारी व्यक्ती निपचित पडली असली, तरी तिला ऐकू येत आहे असे समजूनच बोलावे. घास गिळवत नसेल, तर ख्रिस्तशरीराचा अगदी लहान कण पाण्याबरोबर देता येतो. तेही अशक्य असल्यास पवित्र रक्ताचे काही थेंब देता येतात. त्यासाठी फादरांना आधी कल्पना द्यावी. निकडीच्या वेळी ख्रिस्तशरीर आमच्यासारखे प्रापंचिक सेवकही आणू शकतात. पापनिवेदन ऐकण्याचा आणि तैलाभ्यंग करण्याचा अधिकार मात्र केवळ धर्मगुरूंना आहे. म्हणून आजी बोलू शकत आहेत, तोवरच त्यांना बोलवावे.