तार मोजून, की मिळेल तेवढी?

आकाशवाणी मुंबई ‘ब’ची ५५८ किलोहर्ट्झची लहर सुमारे ५३७ मीटर लांबीची. डोंबिवलीच्या चाळीत भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याची जाळीदार एरियल तिच्यापुढे अगदीच तोकडी. तरी व्हॉल्व्हचे रेडिओ तिच्यावर खणखणीत वाजत. केंद्र जवळचं, ताकदवान. ऐकायला चिमूटभर सिग्नलही पुरतो.

बोलायचं म्हटलं की लांबीचा हिशेब सुरू होतो. परवानाधारक हौशी, म्हणजे हॅम, भारतात ४० मीटर बँडवर ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ वापरतात. त्यासाठीच्या अर्ध्या लहरीच्या डायपोलची लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं. ७.१ साठी साधारण २० मीटर तार, मधोमध केबल. या लांबीला तारेतला कॉइलसारखा आणि कंडेन्सरसारखा विरोध एकमेकांना खोडतात, निव्वळ रोध उरतो. हीच रेझोनंट अँटेना. ५० ओहमचा सेट तिच्यावर खूश असतो.

गच्चीवर मात्र स्लॅबमधल्या सळया, पत्र्याची शेड सगळेच लुडबुड करतात. अ‍ॅनालायझरवर एसडब्ल्यूआरचा, म्हणजे परत फिरणाऱ्या शक्तीच्या मापाचा, खड्डा ६.९ ला दिसला, तर ७.१ वर आणायला दोन्ही टोकांची सुमारे तीस-तीस सेंटिमीटर तार कमी करावी लागते. जाणकार लगेच कापत नाहीत. टोक मागे दुमडून पिळतात. कापलेली तार वाढत नाही.

पण ठाणे-कल्याणच्या जुन्या इमारतीत सरळ वीस मीटर आणायचे कुठून? गच्ची सामाईक, त्यात टाकी, कपड्यांच्या दोऱ्या, शिवाय कमिटी. अशा ठिकाणी साडेबारा मीटरची तार, टोकाला नऊला एक ट्रान्सफॉर्मर आणि सेटशी जुळणी करून देणारा ट्यूनर हा माझ्या मते शहाणा मार्ग. ही लांबी मुद्दाम अडनिडी. नेहमीच्या बँडांवर ती अर्ध्या लहरीच्या पटीत बसत नाही. तेच दहा मीटर घेतले तर १४ मेगाहर्ट्झवर टोकाशी हजारो ओहम दिसतात आणि ट्यूनर हात टेकतो.

‘रेझोनंट तेवढीच खरी फेकते’ हा समज मात्र सोडावा. लहर उठते तारेतल्या प्रवाहामुळे. तो पोचला की तार जुळलेली आहे का, हे आकाश विचारत नाही. उलट ५० ओहमचा डमी लोड लावा, एसडब्ल्यूआर एकास एक, आणि आवाज शेजारच्या वाडीतही जाणार नाही! शक्ती मरते ती वाटेत, बारीक कोॲक्स केबलमध्ये. ट्यूनर घरात टेबलावर ठेवला तर सेटचं समाधान होतं, पण गच्चीपर्यंतच्या केबलमधली उधळपट्टी चालूच राहते. म्हणून ट्यूनर तारेच्या पायथ्याशी, पावसापासून झाकलेल्या डब्यात हवा.

अशा तारेला जोडीची दुसरी तारही लागते. कठड्यालगत पाच-सहा मीटर सोडली तरी चालते. ती नसली की केबलचं बाहेरचं आवरणच अँटेना बनतं आणि इमारतीतल्या एलईडी दिव्यांची, लिफ्टच्या ड्राइव्हची खरखर थेट सेटमध्ये येते. केबलवर फेराइटचा चोक चढवला की ती बरीच आटोक्यात येते.