जोर्व्याची चुनखडी

महाराष्ट्रात चुनखडी म्हटलं की नकाशावर चंद्रपूर-यवतमाळकडे बोट जातं. आपला संगमनेर तालुका म्हणजे सगळा काळा पाषाण, बेसॉल्ट. मग प्रवरेकाठच्या शेतात नांगराबरोबर पांढरे, वेडेवाकडे खडे वर येतात ते कुठले?

ते ह्याच काळ्या दगडाचे! बेसॉल्टमध्ये कॅल्शियम असतं. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि ते कॅल्शियम विरघळवून खाली नेतं. आपल्याकडे पाऊस बेताचा, ऊन मात्र रग्गड. पाणी उडून जातं, कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं, आणि त्याची पुटं चढत चढत खडा तयार होतो. शेतकरी त्याला चुनखडी म्हणतात, सिव्हिलच्या पुस्तकात तो कंकर. मी लॅबमध्ये एका खड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून पाहिले. मस्त फसफसलं! भट्टीत साधारण ९०० अंशांना भाजला की चुना होतो, आणि खड्यातच माती मिसळलेली असल्यामुळे हा चुना ओलाव्यातही घट्ट होतो. शुद्ध शिंपल्याच्या चुन्याला ते जमत नाही.

आता जोर्वे. संगमनेरच्या पूर्वेला, प्रवरेकाठचं गाव. १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी नाशिकबरोबर इथेही उत्खनन केलं. चाकावर घडवलेली, खणखणीत भाजलेली तांबडी भांडी, त्यांवर काळी भौमितिक नक्षी. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडीही इथल्याच. पुढे नेवासे, दायमाबाद, इनामगाव इथे तशीच भांडी निघाली आणि त्या साऱ्या संस्कृतीला नाव पडलं जोर्वे. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. आमच्या कॉन्व्हेंटच्या हिस्ट्रीत हडप्पा दोन धडे होतं, जोर्वे जेमतेम एक ओळ. असो.

गंमत म्हणजे ह्या लोकांना चुन्याची विद्या होती. शिरूर तालुक्यातल्या इनामगावात कुंभार, सोनार यांच्याबरोबर चुना भाजणाऱ्याचंही घर ओळखलं गेलंय. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं!

इ.स.पू. १००० च्या आसपास प्रवरा-गोदावरीकाठची ही गावं ओस पडली. पाऊस कमी होत गेला, असं डॉ. ढवळीकरांचं मत. इनामगाव आणखी तीनशे वर्षं टिकलं, पण तिथेही ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या.

त्या पावसाची नोंद कुठे शोधायची? संगमनेरच्या आसपास प्रवरेच्या जुन्या गाळात घळी पडल्यात. त्यांच्या उभ्या भिंतींत कंकराचे पांढरे पट्टे दिसतात. ठळक पट्टा म्हणजे तेव्हा नवा गाळ फारसा पडत नव्हता, जमीन वाळत होती. ह्या घळी आता बुजवून सपाट होतायत. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? एकरभर जमीन सुटली तर त्याचं घर चालतं. पण मशीन लागण्याआधी भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो आणि पट्ट्यांची खोली एवढं तरी उतरवून घेता येईल की नाही? नक्षीचं खापर दिसलं तर पुरातत्त्व खात्याला कळवता येईल. लेव्हल, स्टाफ, टेप सगळं डिपार्टमेंटमध्ये आहे. दरवर्षी आपण सर्व्हे कॅम्पला त्याच त्या टेकडीचे काँटूर काढतो. यंदा प्रवरेकाठी गेलो तर?