सूर्याच्या फोटोसाठी कुठला फिल्टर? गैरसमज आणि वस्तुस्थिती

सूर्याचे फोटो काढताना फिल्टर दोन वेगळी कामं करतो. एक म्हणजे डोळा आणि उपकरण वाचवणं, दुसरं म्हणजे हव्या त्या तरंगलांबीचा प्रकाश निवडणं. पहिल्या कामात प्रयोग करायचे नसतात. दुसऱ्यात हवे तितके करावेत. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की पुढचे गैरसमज होतात.

गैरसमज: सूर्य अंधुक दिसला म्हणजे डोळे सुरक्षित.
वस्तुस्थिती: एक्स-रे फिल्म, सीडी किंवा काजळी धरलेली काच डोळ्याला दिसणारा उजेड कमी करते, पण अवरक्त किरण त्यातून पार होऊ शकतात. डोळ्याच्या पडद्याला वेदना जाणवत नाही, त्यामुळे इजा होताना कळतही नाही. डोळ्यांनी पाहण्यासाठीची सौर फिल्म ५.० घनतेची असते, म्हणजे ती प्रकाशाचा एक लाखावा भागच आत सोडते. ३.८ घनतेची फिल्म त्याच्या सुमारे १६ पट उजेड सोडते. ती फक्त कॅमेऱ्यासाठी आहे. तिच्यामागे डोळा लावायचा नाही.

गैरसमज: फिल्टर आयपीसला लावला तरी चालतं.
वस्तुस्थिती: दुर्बिणीने गोळा केलेली सगळी उष्णता तिथेच एकवटते आणि काच तडकू शकते. फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, वाऱ्याने निघणार नाही असा पक्का बसवायचा. शोधक दुर्बीणही झाकायची. हर्शेल वेज हा अपवाद. त्याचा प्रिझम सुमारे ५ टक्केच प्रकाश परावर्तित करून आयपीसकडे पाठवतो, बाकीचा मागे निघून जातो. आयपीसकडे आलेला हा प्रकाशही प्रखर असल्याने पुढे घनता-फिल्टर लागतोच. हे साधन फक्त भिंगाच्या दुर्बिणीसाठी आहे. आरशाच्या दुर्बिणीत आतला छोटा आरसा तापून खराब होऊ शकतो.

गैरसमज: फिल्म तबल्याच्या पुडीसारखी ताणली की चित्र स्वच्छ येतं.
वस्तुस्थिती: ताणलेल्या फिल्ममुळे प्रतिमा बिघडते. ती सैलसर बसवावी. थोड्या सुरकुत्या चालतात. बारीक छिद्रं मात्र अजिबात नकोत. दर वेळी फिल्म दिव्यासमोर धरून तपासावी.

गैरसमज: तेजोमेघांसाठीचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर सूर्यालाही चालेल.
वस्तुस्थिती: दोन्हींची तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटरच, पण तेजोमेघांच्या फिल्टरचा पट्टा बहुधा काही नॅनोमीटर रुंद असतो. सूर्याच्या वर्णगोलातल्या ज्वाला आणि काळसर तंतू दिसायला तो ०.१ नॅनोमीटरहूनही अरुंद लागतो. हे काम एटॅलॉन नावाचा अतिअरुंद पट्ट्याचा फिल्टर करतो, सोबत उष्णता अडवणारा आणि नको ते पट्टे छाटणारा असे आणखी फिल्टर असतात. तेजोमेघांचा फिल्टर सूर्यावर वापरला तर ज्वाला दिसणार नाहीत आणि डोळा धोक्यात येईल. अरुंद पट्ट्याचं महत्त्व जुनंच आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणानंतर फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरला, प्रकाशाचा अरुंद पट्टा वेगळा करणाऱ्या वर्णपटदर्शकातून, ग्रहणाविनाही ज्वाला पाहिल्या.

गैरसमज: महाग फिल्टर घेतला की फोटो सुस्पष्ट.
वस्तुस्थिती: सूर्यपृष्ठावरचे दाणे साधारण १,००० किलोमीटरचे, म्हणजे पृथ्वीवरून जेमतेम दीड विकलेचे. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीत ते पुसट होतात. १०० मिलिमीटरला जेमतेम सुटे दिसू लागतात. त्यानंतर अडचण हवेची. जमीन तापली की प्रतिमा थरथरते, म्हणून सकाळची वेळ बरी, आणि तापलेल्या गच्चीपेक्षा गवताळ जागा बरी. पांढऱ्या प्रकाशाच्या फिल्टरमागे ५४० नॅनोमीटरचा हिरवा फिल्टर जोडला तर दाणे आणि डाग ठळक होतात. छोटा व्हिडिओ घेऊन त्यातल्या निवडक फ्रेम एकावर एक रचल्या की फरक आणखी कळतो.

गैरसमज: फोटोतला केशरी सूर्य हाच खरा रंग.
वस्तुस्थिती: बरेचसे फोटो कृष्णधवल कॅमेऱ्याने घेतात, रंग नंतर भरतात.

गैरसमज: सर्वांत चांगला असा एकच फिल्टर असतो.
वस्तुस्थिती: पांढऱ्या प्रकाशात डाग आणि दाणे, हायड्रोजन-अल्फात ज्वाला, तर कॅल्शियमच्या ३९३.४ नॅनोमीटरच्या रेषेत चुंबकीय भाग उजळ दिसतात. या शेवटच्या रेषेत डोळ्याला फारसं दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. आदित्य-एल१ या सौरयानावरच्या, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत विकसित झालेल्या ‘सूट’ दुर्बिणीतही ११ फिल्टर आहेत. त्यामुळे आधी काय पाहायचं ते ठरवा, मग फिल्टर निवडा. तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. डोळ्याचं आणि उपकरणाचं संरक्षण मात्र कोणत्याही प्रयोगात काढू नका.